छोट्या मोटारीचा ‘पिकअप’ वाढवायचा आहे? खिशात हात घालण्यापूर्वी एवढे वाचा

मारुती ८०० या मोटारीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली होती. म्हणजे तीस वर्षे ही गाडी तयार होत होती. कंपनीने गाडी बंद केली तरी आपल्याकडे ती बंद पडलेली नाही. अंबाजोगाई, परळी, केज, रेणापूर या पट्ट्यात कोणत्याही आठवडी बाजाराला जा, एखादी तरी ८०० किंवा तिची धाकटी बहीण अल्टो कडेला उभी दिसेल. मागची सीट काढलेली, आत कपड्याचे गठ्ठे, नाही तर चपलांची पोती. हातात थोडे पैसे आलेला तरुण पहिली चारचाकी घेतो तीही बहुधा हीच. चौथ्या-पाचव्या मालकाकडून, घासाघीस करून, कधी कधी मोटारसायकलच्या किमतीत.

गाडी घेतल्यावर महिन्याभरात त्याच्या तोंडून एक प्रश्न हमखास निघतो. ‘‘गाडीला दम नाही. पिकअपसाठी काय बसवू?’’

हा प्रश्न गॅरेजवाल्याला विचारला जातो, ॲक्सेसरीच्या दुकानदाराला विचारला जातो आणि आता मोबाईलवरच्या व्हिडिओंनाही विचारला जातो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते, कारण त्याच्याकडे विकायला काहीतरी असते. आमच्या व्यापार-उद्योग पानाच्या वाचकांत गाडी घेणारे आहेत तसे गाडी दुरुस्त करून पोट भरणारेही पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी मांडतो.

आधी एक प्रत्यक्ष पाहिलेली हकिकत सांगतो. बाजार करणाऱ्या एका तरुणाने जुनी ८०० घेतली. सकाळी माल भरून परळीकडे, दुसऱ्या दिवशी लातूर रस्त्याला, असा त्याचा क्रम. गाडी सपाटीला बरी चाले, पण परळीहून परत येताना घाट चढायला लागली की धापा टाकी. तिसऱ्यात ओढत नसे आणि दुसऱ्यात टाकली की गरम होई. कोणीतरी सल्ला दिला आणि त्याने मोठ्या शहरातून चार अलॉय व्हील आणि रुंद टायर आणले. मग मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. मग एअर फिल्टरचा डबा काढून त्या जागी उघडा, लाल रंगाचा फिल्टर लावला. एका हंगामाची बचत त्यात गेली. गाडी दिसायला देखणी झाली, आवाजाला तर विचारूच नका, पण घाटात ती पूर्वीपेक्षाही हळू चढू लागली.

शेवटी तो एका जुन्या उस्तादाकडे गेला. उस्तादाने बॉनेट उघडले, तीन प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावला. दोन सिलिंडर ठीक निघाले. तिसऱ्याचा काटा निम्म्यावरच थांबला. ‘‘बेटा, तीन घोड्यांच्या टांग्याला तू सोन्याची चाके लावलीस,’’ उस्ताद म्हणाले, ‘‘पण एक घोडा केव्हाचा लंगडतोय.’’

अंबाजोगाई हे कधी काळी मोमिनाबाद म्हणून ओळखले जाणारे, घोडदळाच्या छावणीचे गाव. इथल्या जुन्या माणसाच्या तोंडी घोड्याची उपमा यावी यात नवल नाही. पण ती चपखल आहे, कारण मोटारीची ताकद आपण आजही अश्वशक्तीतच मोजतो.

मुळात आहे किती?

कार्ब्युरेटरच्या ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि सुमारे ३७ अश्वशक्तीचे. नंतरच्या बारा व्हॉल्व्हच्या, इंजेक्शनच्या इंजिनात ती पंचेचाळीसच्या पुढे गेली. अल्टोतही साधारण तेवढीच. आजच्या सव्वाशे सीसी मोटारसायकलला दहा-अकरा अश्वशक्ती असते, त्यावरून अंदाज करा. त्यातही आपण बालाघाटाच्या पठारावर राहतो. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटर उंचीला साध्या पेट्रोल इंजिनाची साधारण एक टक्का ताकद कमी होते, कारण हवा विरळ होते. पाच-सहाशे मीटरवर ३७ पैकी दोन घोडे असेच बसून राहतात. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेली हवा आणखी विरळ, म्हणजे आणखी थोडी घट. यात गाडीचा दोष नाही आणि कोणत्या दुकानात त्यावर औषधही नाही.

मग एवढ्याशा इंजिनावर गाडी पळते कशी? तर ती हलकी आहे म्हणून. रिकाम्या ८०० चे वजन साडेसहाशे किलोच्या घरात. हीच तिची खरी ताकद, आणि मालक नेमका तिच्यावरच घाला घालतो. वर लोखंडी कॅरियर, डिकीत लाकडी खोक्यातला मोठा स्पीकर, पुढे-मागे जाड लोखंडी गार्ड, आणि आत पाच मोठी माणसे. पाच माणसे आणि त्यांचे सामान म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो, गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त.

थोडा हिशेब करून पाहू. शंभर फुटांत सहा फूट चढणारा रस्ता आणि ताशी साठ किलोमीटरचा वेग धरला, तर दर शंभर किलो वजन केवळ वर उचलायला सव्वा ते दीड अश्वशक्ती लागते. म्हणजे दोनशे किलोचा अनावश्यक भार उतरवला की घाटात जवळजवळ तीन घोडे फुकट मिळाले. बाजारात मिळणारा कोणताही सायलेन्सर या इंजिनाला तीन घोडे देत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची मोटार तयार केली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले नारायण कार्तिकेयनही सुरुवातीच्या काळात या गाडीवर शर्यती खेळले. तिच्यात इंजिन कोणते होते? हेच आपले ८०० चे. गाडी एका माणसापुरती, बुटकी आणि हलकी केली, तेव्हा हेच इंजिन शर्यतीला पुरले. शर्यतवाल्यांनी आधी वजन उतरवले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्थात ती गाडी बंद ट्रॅकवर पळत असे. समोरून उसाचा ट्रॅक्टर येण्याचा तिथे प्रश्न नव्हता.

हरवलेली ताकद शोधा

वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत ३७ पैकी प्रत्यक्षात किती घोडे शिल्लक आहेत हे मालकाला ठाऊक नसते. ताकद रोज थोडी थोडी जाते, म्हणून ती गेल्याचे जाणवत नाही. नवे काही बसवण्याआधी हे शोधणे जरूर आहे. त्याचा क्रमही ठरलेला आहे.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढतात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतात आणि एकेका सिलिंडरचा आकडा घेतात. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एका सिलिंडरचा आकडा किलोभराहून खाली असेल तर त्यात थोडे इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा वर आला तर रिंग झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा हेडचे गॅस्केट गेले आहे. सारे काम अर्ध्या तासाचे. इंजिनाची ही नाडीपरीक्षा न करता जो ‘‘इंजिन खोलावे लागेल’’ म्हणतो त्याच्याकडून गाडी परत न्या. आणि जो नाडी न पाहताच ‘‘सायलेन्सर बदला, पिकअप येईल’’ म्हणतो, त्याच्याकडूनही न्या.

कॉम्प्रेशन बरे निघाले तर निम्मी चिंता मिटली. मग टॅपेट. घट्ट झालेला टॅपेट व्हॉल्व्हला पुरता बंद होऊ देत नाही. त्यातून ताकद तर जातेच, पण काही महिन्यांत व्हॉल्व्ह जळतो आणि हेडकाम निघते. आमच्या हकिकतीतल्या गाडीचे नेमके हेच झाले होते. टॅपेट फीलर गेजने आणि कंपनीच्या मापाने बसवावेत, कानाने नव्हे. कान तयार असलेले उस्ताद आहेत, त्यांचा मान राखूनच हे लिहीत आहे. पण गेजची पट्टी कोणाची भीड धरत नाही.

त्यानंतर प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी, आणि गाडी फारच जुनी असेल तर पॉइंट. मग टायमिंग. टायमिंग मागे पडलेली गाडी सुस्त होते आणि तापते. ते फार पुढे घेतले तर चढाला इंजिन ठोकू लागते. ‘‘थोडे पुढे घेऊन द्या, पिकअप येतो’’ अशी मागणी गिऱ्हाईक करते आणि काही मेकॅनिक ती पुरवतातही. त्या ठोक्यांनी पिस्टन फुटतो तेव्हा दोघांनाही ती मागणी आठवत नाही. कार्ब्युरेटरचा नंबर सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे मात्र उलटे चालते. गाडी आली की आधी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायचे! हवेचा रस्ता, ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक नसताना कार्ब्युरेटर लावणे म्हणजे कुबड्या ठोकून लंगड्याला पळवणे होय.

इंजिन चांगले, पण गाडी ओढत नाही, अशीही तक्रार असते. तेव्हा चाकांकडे पाहावे. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवा. ते मोकळे फिरत नसेल तर ब्रेक धरून राहिला आहे, म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि ब्रेक तुमच्याशी भांडतो. जुन्या ८०० मध्ये मागच्या ड्रमचे सिलिंडर जाम होणे किंवा हॅण्डब्रेकची केबल अडकणे नेहमीचे आहे. क्लचची परीक्षा त्याहून सोपी. टॉप गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र चढला नाही, की क्लचप्लेट घसरते आहे. टायरमधली हवा तर पंपावर पाहून मिळते. तिच्याकडे दुर्लक्ष करणारे किती आहेत ते पंपावरच्या हवेवाल्याला विचारा.

अलीकडची एक गोष्ट यात जोडली पाहिजे. २०२५ पर्यंत देशभर बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने कमी असते. म्हणून वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते, आणि ॲव्हरेज थोडे पडले तर त्याचा दोष गॅरेजला देऊ नये. जुन्या गाडीला खरा धोका वेगळाच आहे. इथेनॉलने जुने रबर नरम पडते, चिरते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची रबरी वायसरे एकदा तपासून, इथेनॉलला टिकणारी घालून घ्यावीत. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसापासून होते, त्याचे स्वागत आहे. नळी मात्र बदलून घ्या.

वर सांगितलेली सारी कामे, हेड उघडावे लागले नाही तर, सामानासकट एका बऱ्या अलॉय चाकाच्या किमतीत होतात. ती झाल्यावर गाडी चालवून पाहा. बहुतेकांची ‘पिकअप वाढवण्याची’ हौस इथेच भागते, कारण जे नवे मिळवायचे म्हणत होते ते जुनेच परत मिळालेले असते.

आधी थांबणे, मग पळणे

समजा गाडी खरेच पळू लागली. आता दुसरा खर्च कशावर? ब्रेक आणि टायर. इथे मी कोणाचेही ऐकणार नाही. ताशी साठवरून ऐंशीवर गेलात तर वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण गाडी थांबवायला ब्रेकला जे काम करावे लागते ते पावणेदोन पटींहून जास्त झाले. ८०० ला पुढे छोट्या डिस्क आणि मागे ड्रम आहेत. साध्या मॉडेलच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टरही नसतो, सारी मदार पायाच्या जोरावर.

ब्रेकऑईल कोणी बदलत नाही. कमी झाले की वरून ओततात. हे ऑईल हवेतले पाणी शोषते. ताजे डॉट-३ ऑईल किमान २०५ अंशांना उकळते, तर पाणी मुरलेले १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की डिस्क तापते, ती उष्णता ऑईलपर्यंत पोहोचते, ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम खाली जाते. परळीकडे उतरताना मागे माल, पुढे वळण, आणि पायाखाली पेडल नाही! दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे आणि ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरावा. पहिल्या कामाला शे-दोनशेचे ऑईल लागते; दुसऱ्याला काहीच लागत नाही.

टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाड्या कमी चालतात म्हणून त्यांचे टायर झिजत नाहीत, पण उन्हाने कडक होतात. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर पावसात धरत नाही. गाडी विकत घेताना हा आकडा बघितला तर विकणाऱ्याशी बोलायला एक मुद्दाही मिळतो.

दुकानातला माल

आता ज्यासाठी सुरुवातीला पैसे जातात त्या वस्तूंकडे येऊ.

अलॉय आणि मोठे टायर : ८०० चा मूळ टायर १४५/७० आर १२. त्याचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर. त्या जागी १३ इंची चाकावर १५५/६५ चा टायर घातला तर व्यास ५३२ च्या आसपास होतो, म्हणजे जवळजवळ पाच टक्के मोठा. त्याचा परिणाम असा की सगळे गिअर आपोआप पाच टक्के लांब झाले. चाकाला रस्त्यावर मिळणारी ओढ तेवढीच कमी झाली. मीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टच्या जवळ असते. सपाट रस्त्यावर इंजिनाचा आवाज थोडा कमी होतो, म्हणून गाडी ‘स्मूथ’ झाल्यासारखी वाटते. चढावर मात्र पितळ उघडे पडते. आमच्या तरुणाच्या गाडीचे घाटात अधिकच बिघडले ते यामुळे. शिवाय पुष्कळशी स्वस्त अलॉय मूळ लोखंडी चाकापेक्षा जड असतात. नवे टायर जरूर घ्या, चांगल्या कंपनीचे घ्या, पण कंपनीच्या मापाचे घ्या.

उघडा एअर फिल्टर : मूळ डबा इंजिनाला जमेल तितकी थंड, गाळलेली हवा देतो. डबा काढला की फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि तापलेली हवा विरळ हे वर आलेच आहे. आवाज वाढतो, त्यालाच लोक ताकद समजतात. आपल्याकडच्या फुफाट्यात, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत, हलक्या प्रतीच्या उघड्या फिल्टरमधून जी धूळ आत जाते ती रिंगा आणि सिलिंडर कानशीसारखी घासते. मूळ कागदी फिल्टर वेळेवर बदलणे हाच इथला शहाणपणा.

सायलेन्सर : छोट्या इंजिनावर मोकळ्या सायलेन्सरने वरच्या आरपीएमला एखादा घोडा मिळालाच तर मिळतो, पण खालची ओढ बहुधा कमी होते. ८०० ची सर्वांत जास्त ओढ, म्हणजे टॉर्क, अडीच हजार आरपीएमच्या सुमारास आहे. बाजाराला जाणाऱ्या माणसाचा दिवस त्याच आरपीएमवर जातो. इंजेक्शनच्या गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून ‘मोकळी पाइप’ घालणे तर सरळ कायद्याविरुद्ध आहे. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयासमोरून रात्री असा सायलेन्सर घेऊन जाणाऱ्याने आतल्या रुग्णांचाही थोडा विचार करावा.

चिप : इंजिन कॉम्प्युटरचे रीमॅपिंग हे खरे शास्त्र आहे. टर्बो असलेल्या डिझेल-पेट्रोल गाड्यांत त्याने ताकद लक्षणीय वाढते. त्याबरोबर क्लच-गिअरबॉक्सवरचा ताण वाढतो आणि वॉरंटी जाते ते वेगळेच. बिनटर्बोच्या ८००-अल्टोत वाढवायला जागाच थोडी आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर कॉम्प्युटरच नाही. तरीही ‘सर्व गाड्यांसाठी पॉवर चिप’ म्हणून छोट्या डब्या विकल्या जातात. त्यांतल्या कित्येकांत एक साधा रेझिस्टर असतो, तो हवेच्या तापमानाचे खोटे माप कॉम्प्युटरला सांगतो. व्यापारात ज्याला खोटे वजन म्हणतात, तोच हा प्रकार.

महागडे पेट्रोल : जास्त ऑक्टेनचे पेट्रोल जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनासाठी असते. ८०० ला त्याचा उपयोग नाही. ठोकणाऱ्या इंजिनाचा आवाज त्याने थांबला, तर आधी टायमिंग तपासा.

स्प्रिंग कापून गाडी बसकी करणे : याविषयी एकच सांगतो, करू नका. आणि घरगुती गॅसची टाकी जोडून गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि तो जिवावर बेततो. सीएनजी किंवा एलपीजी हवाच असेल तर मान्यताप्राप्त किट घेऊन आरसीवर नोंद करावी. ताकद थोडी घटते हे आधीच समजून घ्यावे.

कागदाचा प्रश्न

८०० मध्ये मोठे इंजिन बसवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत, आणि काहींचे काम खरोखर वाखाणण्यासारखे असते. पण नवशिक्याने त्या वाटेला जाण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ समजून घ्यावे. गाडीची मूळ रचना मालकाला मनाप्रमाणे बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलून नव्याने घातले गेले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की गाडीत काही बदल केला होता का, आणि तो कळवला होता का.

जुन्या गाडीला आणखी एक मुक्काम असतो. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. अंबाजोगाईला स्वतःचे परिवहन कार्यालय आहे, एम.एच. ४४, लांब जाण्याचा त्रास नाही. पण शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. एवढे भरायचे आणि सायलेन्सर-चाकांपायी गाडी परत पाठवली जायची, हा सौदा कोणालाही परवडणारा नाही.

गॅरेजवाल्या बंधूंसाठी

या साऱ्यात गॅरेजवाल्याचे काय? पिकअप मागणारे गिऱ्हाईक चालून येते, त्याला ‘काही बसवू नको’ सांगितले तर धंदा कसा होणार, असे एका तरुण मेकॅनिकने मला विचारले. उत्तर असे की सायलेन्सर एकदाच विकला जातो, त्यात नफा दुकानदाराचा, आणि तक्रार मात्र बसवणाऱ्याच्या दारी येते. ट्यूनिंगचे काम दर वर्षी परत येते आणि त्यातली मजुरी पूर्णपणे तुमची असते.

त्यासाठी भांडवल फार लागत नाही. कॉम्प्रेशन गेज, टायमिंग लाईट, फीलर गेज, चांगला टॉर्क पाना. गाडी आली की तीन सिलिंडरचे आकडे गिऱ्हाईकासमोर घ्यावेत आणि चिठ्ठीवर लिहून द्यावेत. काम झाल्यावर पुन्हा घ्यावेत. काढलेले जुने सामान पिशवीत घालून परत करावे. पुण्याच्या नाना पेठेतून किंवा हैदराबादहून सामान मागवताना डुप्लिकेट मालाचा मोह होतो. बिल आणि वेष्टन गिऱ्हाईकाला दाखवले की तो मोह आपोआप आवरतो. ही चिठ्ठी गिऱ्हाईक चार जणांना दाखवते. दुसरी जाहिरात लागत नाही.

आणखी एक. कार्ब्युरेटर जाणणारे उस्ताद थकत चालले आहेत, आणि नव्या गाड्यांत स्क्रू फिरवण्याची सोयच राहिलेली नाही. ज्या शागीर्दाला आज टॅपेट शिकवता, त्याला स्कॅनर लावून कोड वाचायलाही शिकवा. पण शिकवण्याचा क्रम उलटा करू नका. स्कॅनर ‘तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर’ एवढेच सांगतो. तो प्लगमुळे, इंजेक्टरमुळे की जळलेल्या व्हॉल्व्हमुळे, हे शोधायला पुन्हा गेजच लागतो.

त्या तरुणाच्या गाडीचे पुढे काय झाले, ते राहिलेच. हेड उतरले, तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला निघाला. तो बदलला, बाकीचे घासून बसवले, टॅपेट मापाने लावले, मागच्या डाव्या चाकाचा जाम झालेला ब्रेक सोडवला. मूळ लोखंडी चाके घराच्या गच्चीवर होती, ती आणून त्यांवर कंपनीच्या मापाचे नवे टायर चढवले, ब्रेकऑईल बदलले, एअर फिल्टरचा डबा पुन्हा बसवला. वरचा कॅरियर उतरवला. आता माल भरून गाडी परळीचा घाट तिसऱ्यात चढते, फक्त एका वळणावर दुसरा टाकावा लागतो. अलॉय एका नातेवाइकाने निम्म्या किमतीत नेली. सायलेन्सर अजून गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. त्याला गिऱ्हाईक मिळालेले नाही.